मदत हवी आहे: डाइकच्या खडकांचे पृथक्करण आणि पातळ छेद यांचा मेळ बसत नाही

नमस्कार. मी बडोद्याची. भूविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात आहे. शाळा मराठीतून झाली, पण विषयाचे सगळे शिक्षण इंग्रजीतून झाल्यामुळे काही संज्ञा वर्गात बोलतो तशाच लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व.

माझा लघुशोधप्रबंध छोटा उदेपूर परिसरातील डाइकवर आहे. ग्रॅनाइटच्या जुन्या कातळाला चिरून भिंतीसारखे उभे राहिलेले हे काळ्या खडकाचे (बेसॉल्टचे) पट्टे दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकाच्या काळातले, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, मानले जातात. नर्मदा-तापी पट्ट्यातील बहुतेक डाइकप्रमाणे तेही साधारण पूर्व-ईशान्येकडून पश्चिम-नैऋत्येकडे जातात. डाइकचे १५ आणि जवळच्या लाव्हाप्रवाहांचे ९ असे एकूण २४ नमुने मी आणले. शिवाय भोवतालच्या ग्रॅनाइटचे तीन तुकडे केवळ सरावासाठी घेतले होते. मुख्य ऑक्साइडे एक्सआरएफवर (क्ष-किरणांनी मोजणाऱ्या यंत्रावर) आणि अत्यल्प प्रमाणात असणारी सूक्ष्ममूलद्रव्ये आयसीपी-एमएस या दुसऱ्या यंत्रावर मोजून आली आहेत. आकडे हातात येऊन तीन आठवडे झाले, पण मी जागची हललेली नाही, कारण पुढील गोष्टींचा उलगडा होत नाही.

पहिली अडचण पातळ छेदांची, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली आरपार दिसावेत इतक्या पातळ घासलेल्या खडकाच्या चकत्यांची आहे. सुरुवातीचे आठ छेद मी स्वतः घासले. त्यांपैकी ग्रॅनाइटच्या छेदात, सूक्ष्मदर्शकातले दोन्ही निकोल (प्रकाश ध्रुवित करणारे भाग) एकमेकांना आडवे असताना, क्वार्ट्झ करडा न दिसता पिवळा दिसतो, आणि एका ठिकाणी तर नारिंगीकडे झुकतो. मी तो क्वार्ट्झ नसून दुसरेच खनिज असावे असे वहीत लिहून ठेवले होते. आता तेच चुकले असेल, तर त्याच हाताने घासलेल्या बेसॉल्टच्या छेदांतील माझ्या नोंदींवर किती विश्वास ठेवावा?

दुसरी अडचण आकड्यांची. सिलिकाचा (सिलिकॉनच्या ऑक्साइडचा) इतर ऑक्साइडांशी सहसंबंध काढला, तर जवळजवळ सगळेच आकडे ऋण येतात. मी आनंदाने लिहिले की हे मॅग्मातून (वितळलेल्या खडकाच्या रसातून) खनिजे क्रमाने स्फटिकीभूत झाल्याचे लक्षण आहे. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, "हे मॅग्मामुळे आहे की बेरजेमुळे?" खरे सांगायचे तर मला प्रश्नच कळला नाही आणि मी मान डोलावली.

तिसरी गोष्ट, सिझियम आणि अँटिमनी यांच्या रकान्यांत अनेक ठिकाणी "मर्यादेखाली" (यंत्राला मोजता येईल त्याहून कमी) असे लिहून आले आहे. तिथे मी शून्य भरले. चौथी गोष्ट लहान, पण लाज वाटण्यासारखी आहे. ग्रॅनाइटमधल्या उभ्या तड्यांच्या दिशांची सरासरी ९० अंश आली, म्हणजे पूर्व-पश्चिम, आणि मला डोळ्यांनी दिसलेले सगळे तडे उत्तर-दक्षिण आहेत.

शेवटी, आकडेमोडीसाठी सहा महिन्यांत आर ही संगणकीय भाषा शिकावी की पायथन? की परीक्षांकडे लक्ष द्यावे? घरी सगळ्यांचे मत वेगवेगळे आहे.

प्रतिसाद १ (खडकांच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केलेला एक वाचक)

तुमच्या छेदांची जाडी जास्त आहे, एवढेच. छेद ०.०३ मिलिमीटर, म्हणजे ३० मायक्रॉन जाडीचा असावा असा संकेत आहे, आणि क्वार्ट्झच्या दोन अपवर्तनांकांतील कमाल फरक ०.००९ आहे. दोहोंचा गुणाकार २७० नॅनोमीटर येतो, आणि मिशेल-लेव्ही तक्त्यात (जाडीनुसार खनिजाचा रंग दाखवणाऱ्या तक्त्यात) तिथे करडा-पांढरा रंग आहे. हाच छेद ५० मायक्रॉनचा राहिला, तर गुणाकार ४५० होतो आणि तुम्ही पाहिलेला पिवळा-नारिंगी रंग येतो. म्हणजे क्वार्ट्झने तुम्हाला फसवले नाही. उलट जाडी मोजण्याचे साधन म्हणून आम्ही त्याचाच उपयोग करतो.

बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ सहसा नसतो, म्हणून तिथे प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार गटातल्या खनिजाच्या काड्यांकडे पाहावे. त्या करड्या-पांढऱ्या, फार तर फिकट पिवळसर असाव्यात. त्या ठळक पिवळ्या किंवा नारिंगी असतील, तर छेद पुन्हा काचेवर, बारीक पावडर घेऊन हलक्या हाताने घासावा, आणि दर अर्ध्या मिनिटाने सूक्ष्मदर्शकाखाली बघावे. घाई केली की कडा आधी उडतात आणि मधला भाग जाड राहतो. मी स्वतः विद्यार्थी असताना एका दुपारी चार छेद असेच वाया घालवले आहेत. वहीतल्या जुन्या नोंदी मात्र फाडू नका. त्या नोंदींत ऑजाइट या बेसॉल्टमधल्या दुसऱ्या खनिजाचे रंग कदाचित चुकलेले असतील, पण खनिजांचा आकार, त्यांची एकमेकांत गुंतलेली रचना आणि पोकळ्यांतील भरणी यांवर जाडीचा फारसा परिणाम होत नाही.

आणखी एक विचारतो: नमुन्यांची पूड कोणत्या चक्कीत केली? तुमच्या तक्त्यात कोबाल्ट किती आहे?

प्रश्नकर्ती

टंग्स्टन कार्बाइडच्या चक्कीत. कोबाल्ट सगळ्या नमुन्यांत ८० ते ९५ पीपीएमच्या (दहा लाखांत इतक्या भागांच्या) दरम्यान आहे. मी याचा अर्थ मॅग्माचे काही वैशिष्ट्य असा लावणार होते.

प्रतिसाद १, पुन्हा

त्याचा अर्थ चक्कीचे वैशिष्ट्य असा लावा. टंग्स्टन कार्बाइडचे कण एकत्र बांधण्यासाठी कोबाल्ट वापरतात, त्यामुळे त्या चक्कीतून टंग्स्टन आणि कोबाल्ट, थोडेफार टँटलमही, पुडीत उतरते. बेसॉल्टमध्ये कोबाल्ट साधारण ४०-५० पीपीएम असते. ही दोन-तीन मूलद्रव्ये चर्चेतून सरळ वगळा आणि का वगळली ते एका वाक्यात लिहा. अकीकाच्या खलात हा दोष येत नाही, मात्र हात दुखतात. आपल्याकडे रतनपूरचा अकीक खंभातला मण्यांसाठी जातो, त्याच दगडाचे प्रयोगशाळेतले भावंड म्हणजे हा खल.

नमुन्यांबरोबर एखादा प्रमाण नमुना (ज्याचे खरे आकडे आधीच माहीत आहेत असा) पाठवला होता का? हवाईच्या बेसॉल्टचा बीएचव्हीओ-२ हा अमेरिकी भूसर्वेक्षणाचा नमुना बहुतेक प्रयोगशाळांकडे असतो. त्याचे त्याच दिवशीचे आकडे मागून घ्या. त्याच्या सिलिकाचे मान्य मूल्य ४९.९ टक्के आहे. तुमच्या यंत्राने तिथे ५१ दाखवले असेल, तर तुमच्या चोवीसही आकड्यांविषयी तुम्हाला काहीतरी कळते.

प्रतिसाद २ (संख्याशास्त्र शिकवणारी एक वाचक)

मार्गदर्शकांचा प्रश्न फार मोलाचा आहे. ऑक्साइडे टक्क्यांत मोजली जातात आणि त्यांची बेरीज १०० च्या जवळ बांधलेली असते. आपल्या बडोद्याच्या लील्या चिवड्याचे उदाहरण घ्या. शंभर ग्रॅममध्ये चणाडाळ वाढवली, तर बटाट्याच्या कीसाचे प्रमाण कमी होते. कीस कोणी काढून घेतलेला नाही, तरी टक्केवारीत डाळ आणि कीस एकमेकांचे वैरी दिसतात. बेसॉल्टमध्ये जवळजवळ निम्मा वाटा एकट्या सिलिकाचा असल्याने ती वाढली की बाकीच्यांना खाली यावेच लागते. गुणोत्तरांमधून असा खोटा सहसंबंध निर्माण होतो, हे कार्ल पिअर्सनने १८९७ मध्येच दाखवले होते, १९६० मध्ये फेलिक्स चेझने तो मुद्दा थेट खडकांच्या पृथक्करणाच्या संदर्भात मांडला, आणि १९८२ मध्ये जॉन एचिसनने गुणोत्तरांच्या लॉगॅरिदमवर काम करण्याचा मार्ग सुचवला.

व्यवहारात असे करा. प्रत्येक नमुन्यातील सर्व ऑक्साइडांचा भूमितीय मध्य काढा, प्रत्येक घटकाला त्याने भागा आणि लॉगॅरिदम घ्या. पुढची गटवारी किंवा घटक-विश्लेषण या आकड्यांवर करा. यानंतरही घटकांत थोडे अवलंबित्व उरतेच, त्यामुळे सहसंबंधाच्या तक्त्याला अंतिम पुरावा मानू नका. सिलिकाविरुद्ध आलेख काढायला हरकत नाही, भूवैज्ञानिक ते काढतातच. फक्त "ऋण आहे, म्हणून स्फटिकीकरण" असे वाक्य लिहू नका. झिर्कोनियम भागिले नायोबियम यांसारखी दोन मूलद्रव्यांची गुणोत्तरे बेरजेच्या बंधनातून सुटतात, म्हणून त्यांना आधी महत्त्व द्या.

शून्य तर मुळीच भरू नका. "मर्यादेखाली" याचा अर्थ "नाही" असा होत नाही, आणि शून्याचा लॉगॅरिदम निघतही नाही. एखाद-दुसऱ्या जागी मर्यादेच्या दोन-तृतीयांश मूल्य भरण्याची साधी रीत चालते, पण रकान्यातल्या बऱ्याच जागा अशा असतील, तर तो रकानाच सोडावा. तुमच्या वर्णनावरून अँटिमनी सोडावे लागेल.

तड्यांच्या दिशेबद्दल: १७५ अंश आणि ५ अंश या दिशा प्रत्यक्षात एकमेकींपासून फक्त १० अंश दूर आहेत, तरी साधी सरासरी ९० येते. रेषेला टोके दोन आणि दिशा एकच असल्यामुळे कोन आधी दुप्पट करायचा (३५० आणि १०), मग साइन-कोसाइनने सरासरी काढायची (शून्य), आणि शेवटी निम्मी करायची. उत्तर शून्य, म्हणजे उत्तर-दक्षिण. तुमचे डोळे बरोबर होते.

प्रतिसाद ३ (खनिज-अन्वेषणात नोकरी करणारा, सध्या बडोद्याबाहेर)

आर की पायथन हा वाद सोडून द्या. ज्यात तुमच्या चोवीस ओळी तीन दिवसांत वाचता येतील ते शिका. भूरासायनिक आलेखांसाठी जीसीडीकिट नावाची संगणक-प्रणाली आरवर चालते आणि मोफत आहे, त्यामुळे तुमच्या हातातल्या कामाला तेच सोयीचे पडेल. नकाशासाठी क्यूजीआयएस ही प्रणाली घ्या, आणि भारतीय भूसर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावरचे भूशास्त्रीय थर त्यात उतरवून तुमचे डाइक त्यावर ठेवा. गेट आणि संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा यांच्या तयारीत खनिजशास्त्र आणि शैलशास्त्राचा जो भाग आहे, तो तुम्ही छेद नीट वाचायला शिकलात की अर्धा होतोच. मुलाखतीत मला समोर एक छेद ठेवून "काय दिसते?" असे विचारले होते. संगणकाबद्दल कोणी विचारले नाही.

तुमच्या तक्त्यात पूड तापवल्यावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून गेल्याने होणारी वजनातली घट दिली आहे का? ती आधी पाहा.

प्रश्नकर्ती, नऊ दिवसांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. सहा छेद पुन्हा घासले. एकाची कडा गेली, पण प्लॅजिओक्लेज आता करडे दिसते. तड्यांची सरासरी २ अंश आली.

वजनातल्या घटीचा रकाना मी आतापर्यंत केवळ बेरीज जुळवण्यासाठी वापरत होते. बहुतेक नमुन्यांत ती दीड टक्क्याच्या आत आहे, पण लाव्हाप्रवाहांच्या दोन नमुन्यांत ४.१ आणि ५.३ टक्के आहे. त्याच दोन नमुन्यांत कॅल्शियमही जास्त आहे, आणि याच दोघांच्या आधारावर मी "दुसरा मॅग्मा" असा एक परिच्छेद लिहून ठेवला होता. छेद काढून पाहिले, तर वायूच्या जुन्या पोकळ्या कॅल्साइटने भरलेल्या आहेत आणि कडेने झिओलाइट या पाणी धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या सुया आहेत. जुन्या वहीतही "पोकळ्यांत पांढरी भरणी" एवढे लिहिलेले सापडले, फक्त तक्ता बघताना ती वही मी उघडली नव्हती. परिच्छेद खोडला.

आता प्रश्न एवढाच उरला आहे की हे दोन नमुने प्रबंधातून काढून टाकावेत का.

प्रतिसाद १

तक्त्यात ठेवा, तारांकित करा, खाली छेदाचे छायाचित्र द्या. सिलिका विरुद्ध एकूण अल्कलीच्या (सोडियम आणि पोटॅशियमच्या ऑक्साइडांच्या) आलेखात मात्र त्यांना घेऊ नका, आणि बाकीच्या बावीस नमुन्यांचे आकडे त्या आलेखावर मांडण्यापूर्वी वजनातली घट वगळून पुन्हा १०० वर आणा. लोह एकूण फेरिक ऑक्साइड म्हणून आले असेल, तर फेरसमध्ये बदलताना ०.८९९८ ने गुणायचे विसरू नका.