फिर्याद कोठे द्यावी आणि वकिलाचा खर्च

लैंगिक अत्याचार पुण्यात झाला असेल, तर पीडिता कोल्हापुरात असली तरी फिर्याद पुण्यातच द्यावी लागते, असे काहींना वाटते. ते बरोबर नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, गुन्हा कोठेही घडला असला तरी कोल्हापुरातील पोलीस ठाण्यातही ‘झिरो एफआयआर’ (गुन्हा आपल्या हद्दीत घडलेला नसतानाही ठाण्याने नोंदवून घेतलेली फिर्याद) नोंदवता येतो, आणि पीडितेची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवून घ्यायची असते. तब्येतीचा प्रश्न असल्यास मात्र आधी सीपीआर (कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) गाठावे, कारण त्यामुळे वैद्यकीय पुरावाही टिकतो. फिर्यादीची प्रत नाही म्हणून उपचार नाकारण्याचा अधिकार सरकारी किंवा खासगी, कोणत्याच रुग्णालयाला नाही.

वकिलाचा खर्च कसा पेलणार, ही धास्ती तर अनाठायीच आहे. खटला सरकारी वकील चालवतात. शिवाय १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा आणि तेथेच अत्याचारपीडितांसाठीच्या राज्य सरकारच्या ‘मनोधैर्य’ योजनेच्या अर्थसाहाय्याचीही चौकशी करावी.