अनुभव धागा: स्वस्तातला जास्त हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर

भिंगरी

पीसी घरात आहे, खिशात दहा ते वीस हजार आहेत, ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) पडदा आता बदलायचाय. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तरं एका जागी असलेली बरी. ज्यांनी मॉनिटर निवडलेत, जोडलेत, दुसऱ्यांचे दुरुस्त करून दिलेत, त्यांनी लिहा. नुसतं 'अमुक घे, डोळे झाकून' नको. कारण लिहा, आकडा लिहा, काय बिघडतं ते लिहा.

सुरुवात हिशोबाने करते. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते. १४४ वर ६.९, १८० वर ५.६ आणि २४० वर ४.२. म्हणजे ६० वरून १४४ वर गेलात की जवळजवळ १० मिलिसेकंद वाचतात, तिथून १८० वर गेलात तर जेमतेम दीड. दुकानात १४४ आणि १८० मध्ये दोन-तीन हजारांचा फरक सांगत असतील तर ते पैसे चांगल्या पॅनेलला किंवा उंची बदलणाऱ्या स्टँडला घाला. फरक पाचशेचा असेल तर घ्या १८०, वाद नाही. खोक्यावरच्या हर्ट्झच्या आकड्याला अवाजवी किंमत देऊ नका, इतकंच म्हणणं.

खुडबुड्या

मॉनिटरच्या आधी ग्राफिक्स कार्डाकडे बघा. पद्धत अशी: तुम्ही खरोखर ज्या सेटिंगवर खेळता तीच ठेवा, व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाला बांधणारी सोय) बंद, फ्रेम लिमिट बंद. एमएसआय आफ्टरबर्नरसोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनर या आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रामवर सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम), एक टक्का लो (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमांचा एफपीएस) आणि जीपीयू युसेज (ग्राफिक्स कार्ड किती टक्के राबतंय) हे तीनही लावा आणि पंधरा-वीस मिनिटं खरी मॅच खेळा. ट्रेनिंग रूममधले आकडे धरू नका, तिथे ते नेहमी फुगलेले असतात.

आता वाचन. सरासरी १६० आणि एक टक्का लो ११० असेल तर १४४-१६५ चा मॉनिटर पुरेपूर वसूल. सरासरी ७० असेल तर मॉनिटर बदलून माउसचा कर्सर गुळगुळीत फिरेल, गेम नाही. व्हॅलोरंट, सीएस२ सारखे गेम जीटीएक्स १६५० वरही लो सेटिंगला शंभरच्या वर जातात. सायबरपंकसारख्यांना त्या कार्डाकडून ती अपेक्षाच ठेवू नये.

सगळ्यात उपयोगी आकडा जीपीयू युसेजचा. एफपीएस एका जागी अडलाय आणि जीपीयू ५५-६० टक्क्यांवर आरामात बसलंय, तर अडवणूक प्रोसेसरची आहे. अशा पीसीवर १४४०पी (२५६० बाय १४४० पिक्सेल) घेतलं तरी एफपीएस फारसा पडत नाही, कारण रिकाम्या बसलेल्या कार्डालाच काम मिळतं. उलट जीपीयू ९८ टक्क्यांवर घाम गाळत असेल तर १४४०पी म्हणजे फुल एचडीच्या १.७८ पट पिक्सेल, आणि एफपीएस तिथल्या तिथे खाली.

आणि रॅम एकच ८ जीबीची स्टिक असेल तर आधी दुसरी टाका. दोन स्टिक जोडीने चालू लागल्या (ड्युअल चॅनल) की एक टक्का लो बऱ्याचदा लक्षात येण्याइतका सुधारतो.

चष्मेबद्दूर

साइजबद्दल. २४ इंच फुल एचडी म्हणजे इंचाला साधारण ९२ पिक्सेल. २७ इंच फुल एचडी म्हणजे ८२. २७ इंच १४४०पी म्हणजे १०९. मधला पर्याय स्वस्त दिसतो म्हणून लोक उचलतात आणि मग एक्सेल उघडलं की अक्षरं दातेरी दिसतात. गेम आणि कामधंदा एकाच पडद्यावर असेल तर २७ इंच फुल एचडी टाळा. टेबल ६० सेंमी खोल असेल तर २४ इंच नीट डोळ्यांच्या टप्प्यात बसतो.

मजकूर वाचायचा असेल तर अजून एक गोष्ट बघा: पॅनेलची सबपिक्सेल रचना. गिगाबाइट एम२७क्यू हे १४४०पी मधलं बरंच खपलेलं मॉडेल मूळ आवृत्तीत बीजीआर रचनेचं आहे, म्हणजे लाल-हिरवा-निळा हा क्रम उलटा. गेममध्ये काही कळत नाही, बारीक अक्षरांच्या कडांना मात्र रंगीत झाक येऊ शकते. विंडोजच्या सर्चमध्ये क्लिअरटाइप शोधून तिथला नमुना निवडा, बराचसा त्रास कमी होतो.

स्वस्त मॉडेलांचा स्टँड बहुतेक फक्त मागेपुढे झुकतो, वर-खाली होत नाही. खोक्यामागे वेसा (मॉनिटरच्या पाठीवरच्या स्क्रूच्या भोकांचं ठरलेलं माप) ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० लिहिलंय का बघा. असेल तर पुढे आर्म लावता येतो, स्क्रू सहसा एम४. वेसाची भोकंच नसलेले मॉनिटरही विकले जातात, आणि ते बिल झाल्यावर लक्षात येतं.

सावलीचा_शत्रू

पॅनेल. या बजेटात खरी लढत आयपीएस आणि व्हीए या दोन प्रकारच्या एलसीडी पॅनेलांची, टीएन हा तिसरा प्रकार आता जवळपास बाजूला पडलाय. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट हजारास एकच्या आसपास, व्हीएचा तीन हजारास एक. कागदावर व्हीए जिंकतं. पण स्वस्त व्हीएमध्ये काळ्यातून गडद करड्याकडे जाणारा बदल फार संथ असतो. १६५ हर्ट्झवर पुढची फ्रेम ६ मिलिसेकंदांत येते, आणि त्या वेळात पिक्सेल आपला रंगच गाठत नाही. अंधाऱ्या मॅपमध्ये कॅमेरा फिरवला की काळे शेपूट ओढल्यासारखे डाग दिसतात. शूटर खेळणाऱ्याने स्वस्त व्हीए घेऊ नये, हे माझं ठाम मत.

'१ एमएस' या शिक्क्यावर जाऊ नका. जीटीजी (एका करड्या छटेतून दुसरीत जायचा वेळ) लिहिलं असेल तर तो सगळ्यात आक्रमक ओव्हरड्राइव्हवर (पिक्सेलला धक्का देऊन रंग लवकर बदलायची सेटिंग), सगळ्यात सोप्या बदलाला मोजलेला आकडा. एमपीआरटी लिहिलं असेल तर ती वेगळीच गोष्ट: बॅकलाइट फ्रेमागणिक बंद-चालू करून धूसरपणा कमी केलाय. ते चालू केलं की ब्राइटनेस उतरतो, आणि स्वस्त मॉनिटरांत सहसा फ्रीसिंक (पडद्याचा वेग गेमच्या एफपीएसशी जुळवणारी सोय) बंद करावं लागतं.

घरी आल्यावर टेस्टयूएफओ ही ब्राउझरमधली चाचणी लावा. तिथली तबकडी सेकंदाला ९६० पिक्सेल सरकते. मॉनिटरच्या मेनूत ओव्हरड्राइव्ह (कुठे रिस्पॉन्स टाइम म्हणतात) बंद, नॉर्मल, फास्ट, एक्स्ट्रीम असं एकेक करत बघा. तबकडीमागे गडद सावली राहत असेल तर ओव्हरड्राइव्ह कमी पडतोय. मागे पांढुरकी, उलट्या रंगाची कड दिसली तर जास्त झालाय. बहुतेक ठिकाणी शेवटून दुसरी पायरी योग्य ठरते. पण तोच मॉनिटर ७०-८० एफपीएसला चालला की तीच पायरी कड दाखवू लागते, कारण कमी हर्ट्झला पिक्सेलला तेवढा जोराचा धक्का लागत नाही. चाचणी दोन्ही वेगांवर करा.

रातकिडा

@सावलीचा_शत्रू, व्हीएवर एवढा राग नको. लाइट बंद करून सिनेमे आणि सिंगल प्लेअर गेम बघणाऱ्याला आयपीएसच्या कोपऱ्यातला पिवळट उजेड जास्त खुपतो. रात्रीचं आकाश आयपीएसवर राखाडी दिसतं, व्हीएवर काळं. रेसिंग, सिनेमा, पंचाहत्तर-ऐंशी एफपीएसवाले मोठे गेम: बेलाशक व्हीए. फक्त व्हीएवर फ्रीसिंक चालू असताना लोडिंग स्क्रीनला किंवा एफपीएस वरखाली उडताना पडदा फडफडतो. तो बिघाड नाही, रिफ्रेश बदलला की अशा पॅनेलची गॅमा (मधल्या छटांचा उजेड) किंचित हलते. एफपीएसला मर्यादा घालून तो स्थिर ठेवला की फडफड बरीच थांबते.

वायर_गुंता

'१६५ चा मॉनिटर घेतला, फरकच नाही' अशा तक्रारींत निम्म्या वेळा मॉनिटर निर्दोष असतो. क्रमाने तपासा.

केबल ग्राफिक्स कार्डात आहे का मदरबोर्डात? कॅबिनेटमागे उभे पोर्ट वरच्या बाजूला असतात ते मदरबोर्डाचे, खाली आडवे असतात ते कार्डाचे. वर खोचलं असेल तर एकतर डिस्प्लेच येत नाही, नाहीतर गेम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर रांगतो.

मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथे रिफ्रेश रेट स्वतः निवडावा लागतो. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज बहुतेकदा ६० वरच बसतं.

यादीत १४४ दिसतच नाही? केबल आणि पोर्ट. एचडीएमआय १.४ वर फुल एचडीला खात्रीने १२० धरा. २.० वर फुल एचडी २४० आणि १४४०पी १४४ बसतं. डिस्प्लेपोर्ट १.२ वर १४४०पी १६५ निघतं, १.४ वर त्याहून वर. पण मॉनिटरचा एचडीएमआय पोर्टच कधी कधी कमी ताकदीचा देतात: डिस्प्लेपोर्टवर १८०, एचडीएमआयवर १४४. हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं, खोक्यावर नसतं. खोक्यात केबल फक्त एचडीएमआयची टाकली असेल तर डिस्प्लेपोर्टची वेगळी घ्या.

एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलात रिझोल्यूशनच्या यादीचे दोन भाग असतात. वरचा टीव्हीवाल्या फॉरमॅटचा, खालचा 'पीसी' नावाचा. एचडीएमआयवर पुष्कळदा वरचं १०८०पी आपोआप निवडलं जातं आणि १४४ लपून बसतं. खाली स्क्रोल करा, पीसी खालचं १९२० बाय १०८० निवडा. त्याच पानावर आउटपुट डायनॅमिक रेंज 'फुल' करा. ती लिमिटेड राहिली तर काळा रंग धुरकट दिसतो आणि लोक पॅनेलला शिव्या घालत बसतात.

तरी आकडा कमी? मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ओव्हरक्लॉक किंवा डिस्प्लेपोर्ट व्हर्जन असा पर्याय शोधा. काही मॉडेलांत शेवटचे २०-२५ हर्ट्झ तिथूनच उघडतात.

अर्धा_लॅपटॉप

लॅपटॉपला जोडायचा असेल तर? आरटीएक्स ३०५० आहे, पोर्ट एचडीएमआय आणि टाइप-सी.

वायर_गुंता

@अर्धा_लॅपटॉप, त्याच अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानावर दुसरा पडदा निवडला की तो कोणत्या ग्राफिक्सला जोडलाय ते लिहून येतं. इंटेल किंवा एएमडीचं अंगभूत ग्राफिक्स दिसलं तर फ्रेम आधी तिकडून फिरून येते, थोडे एफपीएस जातात आणि जी-सिंक (एनव्हिडियाची फ्रीसिंकसारखी सोय) मिळत नाही. मग टाइप-सी वरून डिस्प्लेपोर्टची केबल लावून बघा, काही लॅपटॉपांत तो पोर्ट थेट एनव्हिडियाला असतो. मात्र टाइप-सी शेजारी डिस्प्लेपोर्टची खूण हवी, नुसत्या डेटाच्या टाइप-सीतून चित्र येत नाही. आणि एचडीएमआयकडून डिस्प्लेपोर्टच्या मॉनिटरकडे जाणारी दोनशे रुपयांची पट्टी घेऊ नका. स्वस्त अडॅप्टर उलट्या दिशेनेच चालतात.

फाटका_फ्रेम

फ्रीसिंक, जी-सिंक यावर थोडक्यात. एनव्हिडियाने जानेवारी २०१९ पासून जीटीएक्स १० मालिकेपासूनच्या कार्डांना साध्या अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक मॉनिटरांवर जी-सिंक खुलं केलं, पण डिस्प्लेपोर्टवरून. एचडीएमआयवरचं फ्रीसिंक ही एएमडीची सोय, एनव्हिडियाला तिथे एचडीएमआय २.१ चं व्हीआरआर (बदलता रिफ्रेश रेट, याच सोयीचं सर्वसाधारण नाव) लागतं. त्यामुळे जी-सिंकचा वेगळा बिल्ला असलेल्या मॉडेलला जास्त पैसे मोजायची गरज या बजेटात नाही.

स्पेसिफिकेशनमध्ये व्हीआरआरची रेंज बघा. ४८ ते १४४ असेल तर उत्तम. वरचा आकडा खालच्याच्या दुप्पट किंवा जास्त असला की एफपीएस ४८ खाली गेल्यावर ड्रायव्हर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून वेळ निभावतो. ४८ ते ७५ वाल्या पडद्यावर हे जमत नाही, चाळिशीत गेलात की चित्र फाटतं किंवा अडखळतं.

सेटिंग: ड्रायव्हरमध्ये जी-सिंक चालू, ड्रायव्हरमध्येच व्ही-सिंक चालू, गेममधलं व्ही-सिंक बंद, फ्रेम लिमिट रिफ्रेशपेक्षा ३ ने कमी. १४४ ला १४१, १६५ ला १६२. मर्यादा नाही घातली तर एफपीएस वरच्या टोकाला आदळतो, व्ही-सिंक जागं होतं आणि माउस जड वाटतो.

सोफाबहाद्दर

कन्सोलवाल्यांसाठी दोन ओळी. पीएस५ जास्तीत जास्त १२० हर्ट्झ, त्यामुळे १८० चे पैसे वाया. १४४०पी त्याला सप्टेंबर २०२२ च्या अपडेटपासून येतं. व्हीआरआर मात्र एचडीएमआय २.१ वरच, नुसत्या फ्रीसिंक मॉनिटरवर नाही. एक्सबॉक्स सिरीज एस ला एचडीएमआयवरचं फ्रीसिंक चालतं, म्हणून स्वस्त मॉनिटरशी त्याचं जास्त जमतं.

लॅमिंग्टनकर

खरेदीचं. सेल सोडून बघितलं तर २४ इंच फुल एचडी आयपीएस १४४ ते १८० साधारण ८,००० ते १२,००० मध्ये, २७ इंच १४४०पी १५,००० च्या वर. मॉनिटरवर जीएसटी १८ टक्के, दुकानदार 'बिलाशिवाय स्वस्त' म्हणाला तर वॉरंटी गेली असं समजा.

मुंबईत ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर घेत असाल तर मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून न्या. शेवटचं एक अक्षर बदललं की स्टँड, पोर्ट, कधी पॅनेलही बदलतं, आणि काउंटरवर 'सेम आहे हो' ऐकायला मिळतं. पडदा तिथेच लावून बघायला मागा. पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा, असे पाच पडदे मोबाइलवरून नाही तर त्यांच्या पीसीवरून. काळ्यावर चमकणारा ठिपका सगळ्यात वाईट, पांढऱ्यावरचा काळा ठिपका त्या मानाने सुसह्य. एक-दोन ठिपक्यांना बहुतेक कंपन्या वॉरंटीत दोष मानत नाहीत, म्हणून हे पैसे देण्याआधी.

ऑनलाइन असेल तर 'रिटर्न' आणि 'फक्त बदली' यातला फरक पानावर वाचा. खोकं उघडताना न थांबवता व्हिडिओ काढा, सुरुवात पत्त्याच्या लेबलपासून. खोकं आणि थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत फेकू नका. सर्व्हिस घरी येऊन आहे की सेंटरला न्यायचंय हेही विचारा, सांगली-लातूरकडच्यांना हा फरक हजार रुपयांच्या सवलतीपेक्षा मोठा पडतो.

भिंगरी

एचडीआरबद्दल (उजेड-अंधारातला फरक वाढवून दाखवणारी सोय) कुणी लिहिलं नाही. डिस्प्लेएचडीआर ४०० च्या शिक्क्याला लोकल डिमिंग (पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करणं) लागत नाही, त्यामुळे या किमतीत विंडोजमधला एचडीआरचा स्विच बंदच ठेवा. चालू केला की डेस्कटॉप फिकट पडतो.

एमएचझेड_वाला

दोन मॉनिटर लावणाऱ्यांसाठी: एक १४४ चा आणि शेजारी जुना ६० चा, अशा जोडीत काही कार्डांची मेमरी रिकाम्या वेळीही पूर्ण क्लॉकवर (वेगावर) अडकते, वीज आणि गरमी वाढते. डेस्कटॉपवर काम करताना मुख्य पडदा १२० वर आणून बघा, बऱ्याचदा क्लॉक खाली येतो.

अर्धा_लॅपटॉप

बघितलं. एचडीएमआय अंगभूत ग्राफिक्सला निघालं, टाइप-सी एनव्हिडियाला. केबल घेताना काय बघू?

वायर_गुंता

दीड-दोन मीटरचीच घ्या, १४४०पी १६५ ला पाच मीटरच्या स्वस्त केबलवर मध्येच पडदा काळा होतो. टाइप-सी टू डिस्प्लेपोर्ट लिहिलेलं आणि निदान ४के ६० चा दावा असलेली. पुढे कधी साधी डिस्प्लेपोर्ट टू डिस्प्लेपोर्ट घेतलीत तर २० नंबरची पिन जोडलेली नसलेली घ्या. ती जोडलेली असली तर मॉनिटरकडून पीसीत उलटी वीज जाते आणि पीसी बंद करूनही मदरबोर्डचे दिवे मिणमिणत राहतात, कधी चालूच होत नाही.