बिल्ल्यावरची पलटण आणि सैनिकाची पलटण

जुन्या जर्मन सैनिकाचा ओळख-बिल्ला (गळ्यात घालायची धातूची पट्टी) सापडला की म्हटलं जातं, बिल्ल्यावर ज्या पलटणीचा ठसा आहे, त्याच पलटणीतून तो सैनिक लढला. इथेच बहुतेकांचा शोध भरकटतो. दुसऱ्या महायुद्धातल्या वेहरमाख्टच्या, म्हणजे जर्मन सैन्याच्या, बिल्ल्यावर नाव नसतं. असतो तो बिल्ला देणारी तुकडी, तिच्या यादीतला क्रमांक आणि रक्तगट. 'इन्फ. एर्झ. बट.' अशी अक्षरं असतील तर ती पायदळाची भरती-प्रशिक्षण बटालियन. सैनिक तिथून आघाडीवर गेला, पुढे बदल्या झाल्या, तरी बिल्ला सहसा तोच राहिला. त्यामुळे त्या बटालियनच्या लढायांचा इतिहास चाळून हाती काही लागत नाही. सुटा कोरलेला ० दिसला तर तो 'ओ' रक्तगट, क्रमांकाचा भाग नव्हे. ही चूक फार होते.

नाव मिळण्याची खरी जागा म्हणजे बिल्ल्यांच्या याद्या. त्या बर्लिनच्या 'वास्ट' या जर्मन सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात होत्या, २०१९ पासून जर्मन संघीय अभिलेखागाराकडे आहेत. तिथे अर्ज करताना दोन्ही बाजूंचे फोटो द्या, प्रकाश तिरका ठेवून. बिंदू, तिरप्या रेघा सगळं जसंच्या तसं उतरवा. जस्ताचा बिल्ला आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने घासू नका, अक्षरंच जातात.

आणि जमिनीत अखंड बिल्ला सापडला तर हात लावू नका. मृत्यूची नोंद करताना खालचा अर्धा भाग तोडून घेत. अखंड बिल्ल्याखाली नोंद न झालेला माणूस असू शकतो, आणि बिल्ला हलवला की त्याची ओळख कायमची हरवू शकते.