आधी माइक, मग कॅमेरा
काहीजण म्हणतात की गीक अँड सन्ड्री या यूट्यूब वाहिनीसारखी बोर्डगेमची मालिका नाशकात करायची तर आधी भारी कॅमेरा घ्या. पटत नाही. २०१२ साली सुरू झालेल्या त्या वाहिनीच्या 'टेबलटॉप' या बोर्डगेमच्या मालिकेची मजा खेळणाऱ्यांच्या बोलण्यात होती. म्हणून प्रत्येकाला वेगळा कॉलर माइक द्या, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे वेगळा रेकॉर्ड करा. रेकॉर्डरच्या मीटरवर (शून्य ही कमाल मर्यादा) बोलण्याची पातळी उणे १२ डेसिबलच्या वर नको, नाहीतर सगळे एकदम हसले की आवाज फाटतो.

कॉलेज रोडच्या फ्लॅटांमध्ये टाइल्स, मोकळ्या भिंती, आवाज घुमतोच. कॅमेऱ्यामागे गोधड्या टांगा, फाशांखाली जाड कापड घाला, पंखा बंद. रेकॉर्डर वेगवेगळे असतील तर सुरुवातीला आणि शेवटीही टाळी वाजवा! लांब रेकॉर्डिंगमध्ये ट्रॅक एकमेकांपासून सरकतात. दोन्ही टाळ्या जुळवल्या की कुठला किती ताणायचा ते कळतं.