अनुभव धागा : मूक विनोदपट दाखवताना (निमित्त 'किप्स', 1921)

एच. जी. वेल्स यांच्या 1905च्या कादंबरीवर हॅरॉल्ड शॉ यांनी स्टोल या ब्रिटिश चित्रपट कंपनीसाठी 'किप्स' हा मूकपट केला. कापडाच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या किप्सला अचानक वारशाने घबाड मिळतं आणि बड्या लोकांत वावरताना त्याची त्रेधा उडते. ही भूमिका जॉर्ज के. आर्थर यांची. त्याच वर्षी चॅप्लिन लंडनला आले, तेव्हा वेल्स यांनी त्यांना तो आवर्जून दाखवला होता. कादंबरीतला निम्मा विनोद निवेदकाच्या तोंडी असतो. मूकपटात तो पाट्यांवर (पडद्यावर मधे मधे येणाऱ्या लिखित मजकुरावर) आणि चेहऱ्यांवर येऊन पडतो. तो शाबूत ठेवून असे चित्रपट दाखवायचे कसे? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

प्रोजेक्टर चालवणारे
आधी वेग. 35 मिमी रुंद फिल्मच्या एका फुटात 16 फ्रेम्स, म्हणजे सुटी चित्रं. हजार फुटी रीळ सेकंदाला 16 फ्रेम्सनी 16 मिनिटं 40 सेकंद चालतं, 20नी 13 मिनिटं 20 सेकंद, बोलपटाच्या 24नी जेमतेम 11 मिनिटं. 24वर माणसं तुरुतुरु पळतात, लोक हसतातही, पण नटाने घेतलेला विराम मारला जातो आणि गंमत त्या विरामातच असते. कॅमेरा हाताने फिरवायचे, त्यामुळे एकाच रिळात वेग बदलतो. साधं चालणं, चहा ओतणं अशा हालचाली बघून प्रत्येक प्रसंगाचा वेग आधीच टिपून ठेवा.

वेग कमी केला की चित्र लुकलुकतं. दोन पात्यांच्या शटरने (दिव्याचा उजेड अडवणाऱ्या फिरत्या चकतीने) 16 फ्रेम्सना सेकंदाला 32च झपके पडतात, ते डोळ्यांना खुपतात. तीन पात्यांचं बसवा, 48 होतात. उजेड थोडा घटतो, चालेल.

वरच्याला जोडून
मास्क (प्रोजेक्टरमधली चित्राची चौकट) विसरू नका! मूकपटाची फ्रेम पट्टीच्या दोन्हीकडच्या भोकांमधली पूर्ण रुंदी वापरते. बोलपटाचा मास्क तसाच राहिला तर ध्वनिपट्टीच्या जागेएवढी डावी बाजू जाते, वरून डोकीही कापली जातात. मास्क बदलला की लेन्सचा मध्यही सरकवावा लागतो.

डिजिटल प्रत करणारे
सेकंदाला 18 फ्रेम्सचं 24 करायचं तर दर तिसरी फ्रेम दोनदा घ्या. 20चं असेल तर दर पाचवी. सॉफ्टवेअरला फ्रेम्स एकमेकींत मिसळू देऊ नका, हलत्या हाताला भुतासारखी सावली येते.

जुन्या निगेटिव्हमध्ये पाटी कधी कधी एक-दोन फ्रेमचीच असते. प्रत काढताना ती लांबवायची, म्हणून तेवढी खूण ठेवलेली असते. घाईत ती निसटते आणि पुढचा प्रसंग बिनबुडाचा वाटतो. जोड फ्रेम-फ्रेम तपासा.

मराठी भाषांतर पाटीच्या खाली, फार तर दोन ओळी. विनोदाचा शब्द दुसऱ्या ओळीच्या शेवटी यायला हवा, नाहीतर लोक आधीच हसून मोकळे होतात.

पियानो वाजवणारे
पाटी वाचून होईपर्यंत हात हलका ठेवा. पडण्या-आपटण्यावर दर वेळी ठोका देऊ नये. तिसऱ्यांदा त्यातली मजा जाते. किप्ससारखं संकोची पात्र असेल तर त्याला चार-सहा सुरांची एक ओळ द्या, तो गडबडला की तीच अर्ध्यावर तोडा. हशा आला तर आवाज वाढवू नका, तीच लय धरून हशा ओसरू द्या. दिवा फक्त वादकाच्या कागदावर पडेल असा झाका, पडद्यावर उजेड गेला की काळा रंग राखाडी दिसतो.

शेवटी एक इशारा
मूळ प्रत नायट्रेटची (जुन्या, झटकन पेट घेणाऱ्या फिल्मची) असेल तर साध्या प्रोजेक्टरला लावूच नका. ती पेटली की स्वतःच्याच प्राणवायूवर जळते, पाण्याखालीही विझत नाही. कडेला 'सेफ्टी' (म्हणजे सहज न भडकणारी फिल्म) छापलंय का ते पाहा. नसेल, किंवा शंका असेल, तर डबा संग्रहालयाच्या तज्ज्ञांना दाखवा. आकसलेल्या पट्टीची भोकंही दातऱ्यांवर बसत नाहीत, फाटत जातात.