शाळेजवळचा कोपरा तात्पुरता अरुंद करायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोथरूडमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी शाळा आहे. तिथलं वळण इतकं रुंद आहे की दुचाकीवाले वेग कमी न करताच आत वळतात. पोरांनी ओलांडायचं कधी? पक्का फुटपाथ होईपर्यंत निदान एक महिना ट्रॅफिक कोन, रंगाचे पट्टे आणि मोठ्या कुंड्या ठेवून वळण अरुंद करून बघावं, असा आम्हा काही पालकांचा विचार आहे.

कल्पना नवी नाही. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत काही जणांनी मीटरमध्ये पैसे टाकून पार्किंगची एक जागा दोन तास घेतली आणि तिथं हिरवळ, बाक आणि एक झाड मांडलं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये २००९ साली गाड्या बंद करून आधी साध्या घडीच्या खुर्च्याच टाकल्या होत्या. पक्कं काम नंतर झालं. आपल्याकडे लक्ष्मी रस्ताही पादचारी दिनाला वाहनांसाठी बंद ठेवतातच की.

आता अडचणी. परवानगीचा अर्ज आधी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा की वाहतूक पोलिसांकडे? की दोन्हीकडे एकदमच? रंग कोणता वापरावा? साधा ऑइलपेंट पावसात घसरडा होतो, दुचाकी घसरली तर सगळं आमच्याच अंगावर येईल. त्यात वाळू मिसळून कुणी रस्ता रंगवलाय का? कोन भाड्याने कुठे मिळतात?

आणि समोरचे दुकानदार. त्यांची गिऱ्हाइकं नेमकी तिथंच गाड्या लावतात. त्यांना कुणी कसं पटवलंत, ते जरूर सांगा. ‘पुण्यात हे चालणार नाही’ हे ऐकून झालंय, त्यामुळे तेवढं सोडून.