गोव्यात राहून मराठी कथा लिहिणाऱ्यांनो, तुमचा आवाज तुम्हाला कुठे सापडला?

म्हापशेकर
नमस्कार मंडळी. मी म्हापशाला औषधांच्या दुकानात कामाला आहे. रात्री दुकान बंद करून घरी आलो की तासभर लिहायला बसतो. आतापर्यंत अकरा कथा झाल्या, त्यांतल्या दोन दिवाळी अंकांत आल्या. पण लिहिलेलं परत वाचलं की गोव्याबाहेरच्या कुणी लिहिल्यासारखं वाटतं. रोज पाव घेऊन येणारा आमचा पोदेर कथेत आला तर तोसुद्धा ‘काय हो, आज जरा विलंब झाला’ असं बोलतो! घरी आम्ही कोंकणी बोलतो, शाळा मराठीतली, वाचन सगळं मराठीतलं. तुमच्यावर कुणाचा प्रभाव पडला, आणि नोकरी सांभाळून लिहिता कधी, हे कृपया सांगा.

सांजवेळ
रोज पाचशे शब्द लिहायचा नेम धरा. हात बसला की आवाज आपोआप येतो. आणि संवाद सरळ कोंकणीत घाला, खाली अर्थ द्या.

चोडणची बाय
तुझा पोदेर वाचून मला माझी पहिली कथा आठवली. मी चोडणची, मांडवी नदीतल्या बेटावरची. पंचवीस वर्षं पणजीत एका कचेरीत कारकून आहे, म्हणजे पंचवीस वर्षं रोज दोनदा फेरीबोटीने मांडवी ओलांडते. रो-रो ही नवी मोठी फेरीबोट आली ती आता, २०२५ साली. माझं बहुतेक लिहिणं जुन्या फेरीतलं. सकाळी गर्दी असते, सगळी ओळखीची माणसं, तेव्हा मी फक्त ऐकते. मुळात मी बोलते कमीच. संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर थांबले की दिवसभर कानात राहिलेलं एक वाक्य वहीत उतरवते, जसं ऐकलं तसं, कोंकणीतच. कथा लिहिते ती शनिवारी रात्री, जेवणं आवरल्यावर. पाचशे शब्दांचा नेम मला कधी जमला नाही. वर्षाला दोन कथा होतात, तीन झाल्या तर पुष्कळ.

प्रभाव म्हणशील तर आधी आजीचा. ती तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावायची आणि मग नदीपलीकडे, माशेलच्या बाजूला तोंड करून हात जोडायची. आमच्या चोडणचा देवकीकृष्ण पोर्तुगिजांच्या काळात आधी मयेला आणि तिथून माशेलला नेला. त्याला शतकं लोटली. आजी मात्र म्हणायची, ‘देव थंय रावपाक गेला.’ लेकीकडे चार दिवस कुणी राहायला जावं, तसं. मी ते कथेत लिहिलं, ‘देवाचे स्थलांतर झाले होते.’ व्याकरणात चूक नव्हती, पण त्या वाक्यात आजी कुठे दिसेना. कथा वर्षभर तशीच पडून राहिली. मग एकदा फेरीतच सुचलं आणि मी लिहिलं, ‘देव तिकडे राहायला गेलाय.’ शब्द सगळे मराठी, बोलणं आजीचं. म्हणून सांजवेळ, खाली अर्थ द्यायची गरज मला वाटत नाही. माणूस ज्या वळणाने बोलतो ते वळण मराठीत आणता आलं की झालं, आणि ते आणायला मला एकेका ओळीपाशी कितीतरी दिवस बसावं लागतं.

दुसरा प्रभाव बाबांचा. जत्रेतल्या मराठी नाटकांना ते प्रॉम्प्टर असायचे. तालमीत राजा भरजरी मराठीत गर्जना करायचा, आणि वाक्य विसरला की त्याच दमात बाबांना विचारायचा, ‘फुडें कितें रे?’ मी लहानपणी कोपऱ्यात चटईवर बसून हे ऐकत मोठी झाले. दोन भाषा एकाच तोंडात सुखाने नांदतात, हे मला तिथे कळलं.

पुस्तकं पणजीच्या सेंट्रल लायब्ररीतली. १८३२ सालचं हे ग्रंथालय माझ्या कचेरीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सत्तरीतल्या आंबेड्याच्या महादेवशास्त्री जोशींच्या कथा मी तिथेच वाचल्या, आणि लक्ष्मणराव सरदेसाईंच्याही. सरदेसाईंनी मराठीत इतकं लिहिलं, आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९८२ साली, कोंकणी पुस्तकाला. भाषेवरून आमच्याकडे घराघरांत वाद झालेत, ते मी पाहिलेत. एकाच माणसाने दोन्ही भाषांवर जीव लावलेला पाहून मला त्या दिवसांत फार धीर आला.

साताऱ्याचा वाचक
ताई, मी गोव्यात फक्त दोनदा आलोय. ‘पोदेर’ हा शब्द आजच कळला, पण पाव म्हटल्यावर अर्थ लागला. असे शब्द असू द्या. आम्ही वाचणारे तेवढे कष्ट नक्की घेतो.

चोडणची बाय
वाचून बरं वाटलं हो. वस्तूंची आणि कामांची नावं मी कधीच बदलत नाही. खाजन शेताच्या बांधाला भरती-ओहोटीचं पाणी सोडायला-अडवायला जे दार असतं त्याला आम्ही मानस म्हणतो. त्याला दुसरं काही म्हटलं तर ते दार आमच्या गावातलं राहत नाही.

म्हापशेकर, तू एक कर. उद्या पोदेर आला की पाव घे आणि घटकाभर तिथेच उभा राहा.

म्हापशेकर
बाय, तीन दिवस उभा राहिलो. पहिले दोन दिवस तो काही बोललाच नाही, भोंपू वाजवला, पाव दिले, गेला. आज अर्धा तास उशिरा आला. सायकलच्या टोपलीवर निळं प्लास्टिक, त्यावरून पाणी गळत होतं. मी विचारायच्या आधीच म्हणाला, ‘आयज भट्टी तापूंकच ना.’ रात्रीच्या पावसात लाकडं भिजली होती.

दुकानात गेल्यावर जुन्या पावतीच्या मागे लिहून ठेवलं: ‘आज भट्टी तापलीच नाही.’ ‘विलंब’ खोडला. आता ती सगळी कथा पहिल्यापासून लिहायला घेतोय, कारण त्या घरातली बाकीची माणसं अजून ‘काय हो’ म्हणतायत.